खात्रीचे पैसे, नशिबाचे पैसे : स्कॉटलंडच्या छोट्या फुटबॉल क्लबांविषयी वाचकांचे प्रश्न

स्कॉटलंडमधले शनिवारचे सामने तिथे दुपारी ३ ला सुरू होतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला. जेवणं उरकून मोबाइलवर हे निकाल बघणारी मंडळी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बरीच आहेत, हे आलेल्या पत्रांवरून दिसतं. पत्रं बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात : एवढ्याशा गावांचे क्लब पैसा आणतात कुठून आणि संघ बांधतात कसा? म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. हिशेबात १ पौंड म्हणजे ११५ रुपये धरले आहेत.

प्रश्न : कोल्हापूरचा फुटबॉल आम्ही लहानपणापासून बघतोय. पेठेचा संघ म्हटला की शाहू स्टेडियम भरतंय. पण तिकडं फॉरफर, ब्रीखिन असली गावं आमच्या निपाणीच्या चौथाईएवढीसुद्धा नाहीत. त्यांचे क्लब शंभर वर्षं चालतात कसे? गेटवर भागतंय काय? (निपाणी)

उत्तर : गेटवर भागत नाही. कधीच भागत नव्हतं.

आधी आकारमान बघा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. अख्ख्या स्कॉटलंडची २०२२ मध्ये ५४ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहून थोडा मोठा देश, आणि त्यात राष्ट्रीय लीगचे ४२ क्लब : प्रीमियरशिपमध्ये १२, मग चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू यांत प्रत्येकी १०. फॉरफरची वस्ती १४ हजारांच्या घरात, ब्रीखिनची जेमतेम ७ हजार.

सर्वांत खालच्या लीग टूमध्ये प्रत्येक संघ बाकीच्या नऊ जणांशी चार-चार वेळा खेळतो. एकूण ३६ सामने, त्यांतले १८ घरच्या मैदानावर. आता एक नमुना अंदाजपत्रक मांडू. हे कुठल्या एका क्लबचं नाही, धरून चाललेले आकडे आहेत. सामन्याला ५०० माणसं आली, लहान मुलं, ज्येष्ठ, हंगामी पास असं सगळं मिसळून माणशी सरासरी १२ पौंड पडले. त्यातला २० टक्के व्हॅट काढला की उरले १० पौंड. ५०० गुणिले १० गुणिले १८ म्हणजे ९० हजार पौंड, आपले एक कोटी साडेतीन लाख. ऐकायला बरं वाटतं. पण २० खेळाडू, प्रत्येकाला आठवड्याला १५० पौंड, ४४ आठवडे, असं धरलं तर पगारच १ लाख ३२ हजार पौंडांवर जातो. प्रशिक्षक, साहाय्यक आणि फिजिओ मिळून ३० हजार. बाहेरच्या १८ सामन्यांना बस, फेरीला ८०० धरले तर १४ हजार ४००. मैदानाची निगा, प्रकाशझोत, विमा, बंदोबस्ताची माणसं, रुग्णवाहिका, कपडे धुणं यांचे ६० हजार. बेरीज २ लाख ३६ हजारांच्या पुढे.

मधली दरी भरते ती तीन ठिकाणांहून. लीगकडून मिळणारा वाटा, जो क्रमांकानुसार ठरतो आणि तळाच्या क्लबापर्यंत पोचतो. गावातल्या धंद्यांकडून येणाऱ्या जाहिराती : मैदानाभोवतीचे फलक, सामन्याचा प्रायोजक, चेंडूचा प्रायोजक, अगदी एकेका खेळाडूच्या शर्टाचा प्रायोजकसुद्धा. आणि तिसरं, मैदानावरचा गल्ला : बार, गरम ‘पाय’ (खिमा भरलेली भाजलेली कचोरी म्हणा), बक्षिसांची सोडत. थंडीत उभं राहून खाल्लेल्या या ‘पाय’वर काही क्लबांची आठवड्याची बस सुटते, यात अतिशयोक्ती नाही.

मेख कुठे आहे? थंडी. सकाळी पंच मैदान तपासतात, जमीन गोठलेली दिसली की सामना रद्द. तो पुढे मंगळवारी रात्री खेळवतात, तेव्हा शनिवारच्या निम्मीही माणसं येत नाहीत. खायचे ‘पाय’ मात्र शुक्रवारीच मागवलेले असतात.

प्रश्न : आम्ही गल्लीचा संघ चालवतो, म्हणून विचारूलाव. एवढ्या कमी पैशात वीस खेळाडू धरायचे म्हणजे कसं करतात? कुणाला आधी घ्यायचं? दुसऱ्याचे खेळाडू उसने घेतात म्हणे, ते परवडतंय काय? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे हे खेळाडू पूर्णवेळ नसतात. सुतार, प्लंबर, शिक्षक, गोदामातले कामगार. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. कारण साधं आहे. पूर्णवेळ ठेवायचं तर किमान वेतन द्यावं लागतं. २१ आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेला दर तासाला १२.२१ पौंड होता. आठवड्याला ३५ तास, ५२ आठवडे, म्हणजे वर्षाला माणशी २२ हजार २०० च्या वर. वीस जणांचे ४ लाख ४४ हजार. बाकीचे खर्च मिळवले तर वरच्या नमुन्यातल्या क्लबाचा सगळा खर्च दुप्पट करूनसुद्धा हे बसत नाही.

त्यामुळे खेळाडू घेताना त्याचा खेळ बघायच्या आधी त्याची नोकरी बघतात. शनिवारची पाळी असते का? मंगळवारी रात्री तीनशे किलोमीटरवरून परतल्यावर बुधवारी सकाळी सहाला कामावर जायचं आहे का? राहतो कुठे? सरावाच्या वाटेवर तीन-चार खेळाडू एका गाडीत बसू शकत असतील तर प्रवासभत्ता चौथाईवर येतो. दक्षिण-पश्चिमेच्या टोकाला स्ट्रॅनरार, ईशान्येच्या टोकाला पीटरहेड. हे दोघे एकमेकांकडे खेळायला गेले तर एका बाजूचाच प्रवास साडेतीनशे किलोमीटरांच्या वर. अशा टोकाच्या गावांत वीस चांगले खेळाडू मिळत नाहीत. ते ग्लासगोच्या आसपास राहतात, म्हणून काही क्लब सरावच तिकडे ठेवतात. पण हेही जपून करायचं काम. २०२४ च्या उन्हाळ्यात इन्व्हरनेसने सराव दोनशे किलोमीटर दूर केल्टीला हलवायचं जाहीर केलं. समर्थक एवढे खवळले की बेत गुंडाळावा लागला. सराव परगावी आणि खेळाडूंची घरं तिसरीकडे असं झालं की गावाला तो संघ आपला वाटत नाही, आणि मग फलकाचे पैसेही आखडतात.

क्रम विचारलात म्हणून आमचं मत : गोलरक्षक, दोन मधले बचावपटू, मधल्या फळीत खेळ चालवणारा एक आणि एक गोल करणारा. पैशाचा मोठा भाग या पाच जणांवर. हे शक्यतो २७ ते ३४ वयाचे, लीग बघितलेले असावेत. बाजूचे खेळाडू तरुण चालतात, चुकले तरी सावरता येतं. मधला बचावपटू चुकला की थेट गोल. बाकीच्यांत दुसरा गोलरक्षक (याला स्वस्तात मिळवा, पण मिळवाच), सहा-सात बहुकामी खेळाडू आणि दोन-तीन उसने.

उसन्यांचं म्हणाल तर वरच्या क्लबांकडे १८-२० वर्षांची पोरं बाकावर बसलेली असतात. त्यांना सामने हवे असतात, तुम्हाला पळणारी माणसं हवी असतात. पगाराचा वाटा वाटाघाटीवर. कधी अर्धा, कधी नुसता प्रवासखर्च. पण कागद नीट वाचा. मूळ क्लब जानेवारीत परत बोलावू शकतो का? मूळ क्लबाविरुद्ध खेळता येतं का? बहुधा येत नाही. नेहमी होणारी चूक अशी : ऑगस्टमध्ये चार उसनी पोरं मधोमध खेळवायची, ती चमकली की जानेवारीत चौघंही परत, आणि फेब्रुवारीत चिखलात संघाचा कणाच नाही. उसना माणूस कण्यात एकच. बाकीचे बाजूला.

करारातही युक्त्या असतात. ठोक पगार कमी आणि सामन्यागणिक भत्ता जास्त ठेवला तर जखमी खेळाडूचा बोजा कमी होतो. पण भत्ता फारच वाढवला तर खेळाडू दुखणं लपवतो आणि दोन आठवड्यांचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. आमच्या मते ठोक रक्कम एकूण पैशाच्या दोन-तृतीयांशाखाली नेऊ नये. गोलाचे वेगळे पैसे देणं तर टाळाच. मग कोणी चेंडू पास करत नाही.

कामाची वेळ उन्हाळा नव्हे, नोव्हेंबर. तेव्हाच यादी करायची : कोणाचा करार मे अखेर संपतो, कोण आपला, कोण दुसऱ्याचा. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला पुढच्या क्लबाशी बोलता येतं. १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने बॉस्मन या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला, त्यानंतर करार संपलेल्या माणसासाठी नव्या क्लबाला बहुधा जुन्या क्लबाकडे किंमत भरावी लागत नाही. छोट्या क्लबांचा सगळा बाजार याच दारातून चालतो. जूनमध्ये जागे होणाऱ्यांना उरलेसुरले मिळतात, आणि जुलैत लीग कपच्या गटाचे चार सामने येऊन उभे राहतात.

प्रश्न : लोक कमी असले म्हणून काय झालं? एखादा मोठा माणूस धरला की झालं की. आमच्याकडं निवडणूक जवळ आली की चषकच चषक असतात. (चिकोडी)

उत्तर : तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. निवडणूक झाल्यावर चषकाचं काय होतं?

इंग्लंडच्या हद्दीला चिकटलेलं ग्रेट्ना हे सुमारे ३ हजार वस्तीचं गाव. (सीमेवरचं गाव म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.) त्यांचा क्लब २००२ मध्ये स्कॉटिश लीगमध्ये आला. ब्रुक्स माइलसन नावाच्या धनिकाने पैसा ओतला. २००५, २००६, २००७ अशी सलग तीन वर्षं बढती. २००६ मध्ये तर स्कॉटिश कपची अंतिम फेरी गाठली आणि हार्ट्सकडून पेनल्टींवर हरले. चौथ्या वर्षी सर्वोच्च लीग.

तिथेच गाडी अडली. त्यांचं रेडेल पार्क वरच्या लीगच्या अटींत बसत नव्हतं, म्हणून घरचे सामने मदरवेलच्या मैदानावर, शंभराहून जास्त किलोमीटरवर. बेळगावच्या संघाने आपले घरचे सामने कोल्हापुरात खेळावेत तसं. एका सामन्याला ४३१ प्रेक्षक आले. पगार सर्वोच्च लीगचा, गल्ला गावच्या जत्रेचा. माइलसन आजारी पडले, पैसा थांबला, मार्च २००८ मध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला, १० गुण कापले गेले आणि त्याच उन्हाळ्यात क्लब संपला. लीगमधली जागा ॲननला मिळाली. समर्थकांनी ग्रेट्ना २००८ नावाने पुन्हा तळापासून सुरुवात केली.

माणूस वाईट नव्हता. चूक अशी की त्याच्या खिशातला पैसा दरवर्षीच्या पगारात बांधला गेला. दात्याच्या पैशातून छप्पर घाला, प्रकाशझोत लावा, मैदानाची जमीन क्लबाच्या नावावर करा. तो उद्या निघून गेला तरी छप्पर राहतं. पगार मात्र दर आठवड्याला पुन्हा द्यावा लागतो.

प्रश्न : लीग टूमध्ये शेवटचा आला तर खाली कुठं जाणार? त्याखाली काय असतंय? (विद्यार्थी, खानापूर)

उत्तर : २०१४-१५ पर्यंत खाली जायची वाटच नव्हती. शेवटचा क्लब पुढच्या वर्षी तिथेच. त्या हंगामापासून शेवटच्या संघाला हायलँड आणि लोलँड या खालच्या प्रादेशिक लीगमधून आलेल्या आव्हानवीराशी दोन सामने खेळावे लागू लागले. पहिल्या वर्षी माँट्रोज वाचला. मग २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर, २०१९ मध्ये बेरिक, २०२१ मध्ये ब्रीखिन, २०२२ मध्ये काउडनबीथ, २०२३ मध्ये ॲल्बियन रोव्हर्स आणि २०२५ मध्ये बॉनीरिग रोज बाहेर पडले.

यातली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ईस्ट स्टर्लिंगशायरने एके काळी खेळाडूंना आठवड्याला १० पौंड, सरसकट, एवढ्यावरच ठेवलं होतं. संघ हंगामामागून हंगाम तळाला राहिला. म्हणजे नुसती काटकसर हाही उपाय नव्हे. ब्रीखिनचं उलट. २०१७ मध्ये प्ले-ऑफ (बढतीसाठीचे जादा सामने) जिंकून ते चॅम्पियनशिपमध्ये गेले. अर्धवेळ खेळाडू, समोर पूर्णवेळ संघ. ३६ सामन्यांत एकही विजय नाही, ४ बरोबऱ्या, ४ गुण. पुढल्या वर्षी आणखी खाली आणि २०२१ मध्ये लीगबाहेर. हरायची सवय लागलेला संघ नुसती लीग बदलल्याने सुधारत नाही. बढती मिळाल्या आठवड्यात निम्मा संघ बदलायची तयारी हवी, नाहीतर तो आनंद महागात पडतो.

तरी अर्धवेळ म्हणजे कमकुवत असा अर्थ घेऊ नका. आर्ब्रोथ हा समुद्राला अगदी लागून मैदान असलेला अर्धवेळ क्लब २०२१-२२ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. अनुभवी माणसं, वरच्या क्लबांकडून नेमके उसने, आणि समुद्राच्या वाऱ्यात खेळायची सवय. पाहुण्यांचे उंच चेंडू तिथे परत त्यांच्याच अंगावर येतात.

प्रश्न : कपमध्ये सेल्टिक किंवा रेंजर्ससारख्या बड्या क्लबाशी गाठ पडली तर छोट्या क्लबाला लॉटरीच की. खरंच केवढे मिळतात? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : स्कॉटिश कपमध्ये खर्च वजा जाता गेटचा पैसा दोन्ही क्लबांत वाटला जातो. समजा मोठ्या मैदानावर २० हजार लोक आले, सरासरी १५ पौंड. झाले ३ लाख. व्हॅट गेल्यावर अडीच लाख. बंदोबस्त, छपाई वगैरे ५० हजार वजा. उरलेल्या २ लाखांचे निम्मे, १ लाख पौंड, छोट्याच्या वाट्याला. आपल्या नमुन्यातल्या क्लबाचं वर्षभराचं गेट ९० हजार होतं, आठवतं ना? एका दुपारीत त्याहून जास्त. सामना दूरचित्रवाणीवर गेला तर त्याचे वेगळे.

जिंकायचंही कधी जमतं. १९६७ मध्ये बेरिकने रेंजर्सला १-० हरवलं. जानेवारी २०२३ मध्ये लीगबाहेरच्या डार्व्हेलने ॲबर्डीनला. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वीन्स पार्कने रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्सवर.

पण सोडत नशिबाची असते. म्हणून अंदाजपत्रकात कपाच्या रकान्यात शून्य लिहायचं. पहिली फेरी जिंकूच, म्हणून पाच हजार धरू, असं म्हणणारा खजिनदार बदला. आणि पैसे आलेच तर त्याच आठवड्यात नवा गोलंदाज शोधायला... माफ करा, क्रिकेटची सवय, नवा आघाडीवीर शोधायला धावू नका. आधी थकलेला कर, मग मैदान, मग तीन महिन्यांच्या पगाराएवढी शिल्लक. यातूनही उरले तर आघाडीवीर.

प्रश्न : आमच्या हाताखाली तयार झालेली पोरं गोव्याला, बेंगळूरला जातात आणि आम्हाला एक चेंडूही मिळत नाही. स्कॉटलंडच्या छोट्या क्लबांना काही मिळतं काय? (प्रशिक्षक, अनगोळ)

उत्तर : खेळाडू एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत विकला गेला तर फिफाच्या नियमाने व्यवहाराच्या रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातात. फुटबॉलमध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड या वेगळ्या संघटना, त्यामुळे सीमा ओलांडली की हा नियम लागू. वाटणी अशी : १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी दर वर्षाला ०.५ टक्के. मुलगा १६ ते १९ अशी चार वर्षं तुमच्याकडे होता आणि पुढे ४ लाख पौंडांना परदेशी गेला, तर चार गुणिले ०.५ म्हणजे २ टक्के, ८ हजार पौंड. आपल्या नमुन्यातल्या क्लबात एका खेळाडूच्या वर्षभराच्या पगाराहून हे जास्त आहे.

स्कॉटलंडचा बचावपटू अँडी रॉबर्टसनचं उदाहरण बघा. २०१२-१३ मध्ये क्वीन्स पार्कसारख्या पूर्ण हौशी क्लबात होता. तिथे कोणालाच पगार नव्हता. २०१३ मध्ये डंडी युनायटेड, २०१४ मध्ये २८ लाख ५० हजार पौंडांना हल सिटी, २०१७ मध्ये लिव्हरपूल. डंडी युनायटेडने एका हंगामात जे कमावलं, ते हौशी क्लबाला करारच नसल्याने विक्रीतून मिळू शकत नव्हतं. क्वीन्स पार्कने २०१९ मध्ये हौशीपणा सोडला. दीडशे वर्षांची परंपरा, पण पोरं फुकट जात होती.

करारात आणखी एक ओळ घालून घेतात : पुढच्या विक्रीतला वाटा, समजा १५ टक्के. आज किंमत कमी घ्या, पण ही ओळ सोडू नका.

तुमच्यासाठी काम एवढंच. मुलगा १२ वर्षांचा झाला की अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्याची नोंद तुमच्या क्लबाच्या नावाने करा आणि दरवर्षी नूतनीकरण करा. एका वेळी एकाच क्लबाकडे नोंद राहते, हे कोल्हापुरात आणि बेळगावात दोन्हीकडे खेळणाऱ्यांनी विसरू नये. उद्या तो परदेशी गेलाच तर वाटणी होते ती नोंदीवर. वहीत लावलेली हजेरी किंवा शाळेतला फोटो तिथे चालत नाही.

प्रश्न : मी पतसंस्थेत काम करतो. सभासदांच्या मालकीचे क्लब तिकडं आहेत असं वाचलं. आपल्या सहकारासारखंच काय? आणि इथं असा क्लब काढायचा तर? (संकेश्वर)

उत्तर : अगदी तसंच, गुणदोषांसकट. स्टर्लिंग ॲल्बियन समर्थकांच्या ट्रस्टने २०१० मध्ये विकत घेतला. मदरवेल २०१६ पासून, सेंट मिरन आणि हार्ट्स २०२१ पासून समर्थकांच्या बहुमताच्या मालकीचे. हार्ट्सच्या फाउंडेशनचे सुमारे ८ हजार सभासद दरमहा वर्गणी भरतात. सभासदाला एक मत, पैसे कितीही भरा. २०२४ मध्ये मदरवेलमध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराचा प्रस्ताव आला, तो सभासदांनी मतदानात नाकारला.

यातली खरी ताकद म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम. हजार माणसं दरमहा १० पौंड म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, पाऊस असो वा बर्फ. हे खात्रीचे पैसे, आणि पगार यांतूनच बांधावा. दुखणंही ओळखीचं आहे. संघ हरला की वर्गणी आटते, आणि सर्वसाधारण सभेत आघाडीवीर कोण असावा यावर दोन तास जातात, लेखापरीक्षण पाच मिनिटांत.

इथे करायचं तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सभासदांनी नोंदणी करा. बँक खात्यावर दोन सह्या, त्या एकाच घरातल्या नकोत. संस्थेला आणि देणगीदारांना सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडे नोंदणी, १२अ आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला मिळू शकतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ते आहे, पण संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरलेला हवा. साखर कारखान्याकडे हात पसरण्याआधी हे कागद तयार ठेवा. तोंडी आश्वासनं हंगाम संपल्यावर विरतात.

प्रश्न : क्लब बुडणार हे बाहेरच्या माणसाला आधी कळतं काय? (बेळगाव)

उत्तर : बऱ्याचदा कळतं. पहिली खूण कराची. खेळाडूंच्या पगारातून कापलेला आयकर सरकारजमा न करता बस आणि विजेवर खर्च होतो. आपल्याकडे पीएफ कापून न भरण्यासारखा प्रकार. दुसरी खूण : पुढच्या हंगामाचे पास मार्चमध्येच सवलतीत विकायला काढणं आणि ते पैसे या हंगामाच्या पगारात घालणं. तिसरी : संचालकांनी दिलेलं ‘तात्पुरतं’ कर्ज ताळेबंदात दरवर्षी वाढत जाणं.

मग प्रशासक येतो. २०१५ मध्ये स्कॉटिश कप जिंकलेला इन्व्हरनेस ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रशासकाच्या हाती गेला, तेव्हा तो लीग वनपर्यंत घसरलेला होता. १५ गुण वजा झाले, प्रशिक्षकाला जावं लागलं. तरी तो त्या हंगामात लीग वनमध्ये टिकला, उरलेल्या तरुण खेळाडूंच्या जोरावर.

प्रश्न : आमच्याकडं आता गल्लोगल्ली टर्फ झालेत, तासाला भाडं. तिकडचे क्लब असं काही करतात काय? (टिळकवाडी)

उत्तर : करतात, आणि छोट्या क्लबांना तारणारी हीच एक वस्तू असावी. गवताचं मैदान हिवाळ्यात आठवड्याला सहा-आठ तासांच्या वर वापरलं की चिखल होतो. कृत्रिम मैदान रोज रात्री दहापर्यंत भाड्याने देता येतं. समजा तासाला ८० पौंड, आठवड्याला २५ तास, ४० आठवडे. ८० हजार पौंड. जवळजवळ वर्षाच्या गेटएवढे. शिवाय बर्फाने सामने रद्द व्हायचे कमी होतात आणि गावची पोरं रोज क्लबात येतात.

अडचणी दोन. प्रीमियरशिपच्या क्लबांनी २०२४ मध्ये ठरवलं की २०२६-२७ पासून त्या लीगमध्ये कृत्रिम मैदान चालणार नाही. म्हणजे फार वर जायची स्वप्नं असतील तर आधी विचार करा. दुसरी, वरचा गालिचा साधारण दहा वर्षांत झिजतो. बदलायला अडीच लाख पौंड लागतील असं धरलं तर दरवर्षी २५ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, ज्याला पगारासाठी हात लावता येणार नाही अशा. टिळकवाडीतल्या टर्फवाल्यालाही हेच लागू. पहिल्या वर्षीचं भाडं सगळं नफा समजून वाटून टाकलं, की गोलासमोरचे धागे निघायला लागतात तेव्हा खातं रिकामं असतं. आणि गोलासमोरचाच भाग आधी जातो, म्हणून आडव्या छोट्या सामन्यांसाठी गोलपोस्ट दर महिन्याला चार-पाच फूट सरकवत राहा.